निवड बदलली की सगळं गणित पुन्हा कशाला?



आजकाल शाळेची माहिती भरली की ती डॅशबोर्डवर दिसते. यू-डायस प्लस आहे, विद्या समीक्षा केंद्र आहे. शिवाय एखादा तंत्रस्नेही शिक्षक केंद्राचा निकाल एक्सेलमध्ये मांडतोच. वर ड्रॉपडाउन असतो. भोर निवडा, वेल्हे (आता राजगड) निवडा, मग केंद्र, शाळा, इयत्ता. निवडीप्रमाणे खालचे आकडे बदलतात. कल्पना छानच. पण तक्ता मोठा झाला की प्रत्येक निवडीला चक्र फिरत बसतं. जुना लॅपटॉप असेल तर विचारूच नका! आपण लगेच नेटवर्कला दोष देतो. माझ्या मते दोष बऱ्याचदा सूत्रांच्या मांडणीत असतो.

असं का होतं? एक्सेलमधली इंडायरेक्ट आणि ऑफसेट ही सूत्रं तक्त्यात कुठेही काही बदललं की पुन्हा चालतात. त्यांच्यावर अवलंबून असलेली सगळी सूत्रंही मग चालतात. ड्रॉपडाउनसाठी नेमकी हीच सूत्रं आपण सर्रास वापरतो.

यावर उपाय सोपा आहे. जे निवडीने बदलत नाही, ते एकदाच काढून ठेवावं. उदाहरणार्थ श्रेणी. ९१ ते १०० टक्के म्हणजे अ-१, ८१ ते ९० म्हणजे अ-२. गुण भरले की श्रेणी ठरली. तालुका कुठलाही निवडा, त्या मुलाची श्रेणी तीच राहणार. मग प्रत्येक निवडीला ती पुन्हा कशाला काढायची? गुणांशेजारी श्रेणीचा वेगळा रकाना करा आणि निवडीवर फक्त मोजणी ठेवा.

पण सगळंच आधी काढून चालत नाही बरं का! समजा, वाडीवरच्या शाळेत ४ पैकी १ मूल वाचतं, म्हणजे २५ टक्के. मोठ्या शाळेत १९६ पैकी १४७, म्हणजे ७५ टक्के. या दोन टक्क्यांची सरासरी ५० येते. खरं उत्तर मात्र २०० पैकी १४८, म्हणजे ७४ टक्के! म्हणून मुलांची संख्या शाळावार तयार ठेवावी आणि टक्केवारी निवड झाल्यावरच काढावी. पॉवर बीआयमध्ये तर यासाठी दोन वेगळ्या सोयीच आहेत. कॉलमचं गणित माहिती ताजी करताना होतं आणि मेजरचं गणित निवडीनुसार होतं.

कुणी म्हणेल, दहा-वीस सेकंदांनी काय बिघडतं? बिघडतं. पान अडकतंय म्हटल्यावर माणूस निवड करणंच सोडतो. परिषदेत मग पडद्यावर तालुक्याचे ७४ टक्के तेवढे राहतात. सगळे समाधानाने माना डोलावतात. वाडीवरची न वाचणारी ती तीन मुलं कुणाला दिसतच नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायला आणखी दोन निवडी हव्या होत्या.

द्विशिक्षकी शाळेत माहिती भरायला जाणारा वेळ हा वर्गातलाच वेळ असतो. तो देऊन भरलेली माहिती मुलापर्यंत परत यायलाच हवी. म्हणून माझी एकच मागणी आहे. कुठलाही डॅशबोर्ड तालुक्यात वापरायला देण्याआधी एखाद्या डोंगरी शाळेतल्या लॅपटॉपवर शेवटच्या इयत्तेपर्यंत निवडून पाहावा. तिथे तो झटपट चालला, तरच त्याला तयार म्हणावं.