कलहयुगाचे गाणे आणि आमचे कान

गणेशोत्सव आला की पुण्याच्या मार्केट यार्डातील फुलबाजार झेंडू-शेवंतीने ओसंडून वाहू लागतो. तेथील फुले घरोघरच्या देव्हाऱ्यांत आणि मंडळांच्या मांडवांत पोहोचतात. त्याच फुलांच्या माळा ल्यालेले गजानन विसर्जनास निघतात, तेव्हा त्यांच्यापुढे ध्वनिवर्धकांच्या भिंती चालतात आणि त्यांतून उत्तान चित्रपटगीते कोसळतात. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 च्या नियमांनीच घालून दिली आहे. ती पाळतो कोण? आणि या मिरवणुकीत नाचून आलेला मुलगा घरी पाश्चात्त्य रॉक ऐकू लागला, की हीच वडीलधारी मंडळी संस्कृती बुडाल्याचा आक्रोश करतात!

या मंडळींनी एका ध्वनिमुद्रिकेची कथा जाणून घ्यावी. 1986 मध्ये न्यूयॉर्कच्या 'क्रो-मॅग्स' या हार्डकोर पंक बँडने पहिला अल्बम काढला. नाव 'द एज ऑफ क्वॉरल', म्हणजे कलहाचे युग, आपले कलियुगच! मुखपृष्ठावर अणुस्फोटाचा ढग, आत कर्कश गिटार आणि ओरडून म्हटलेले शब्द. ही मुले लोअर ईस्ट साइडच्या रस्त्यांवर, मारामाऱ्या आणि अमली पदार्थांच्या सावलीत वाढलेली. त्याच परिसरात 1966 मध्ये भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपादांनी एका लहानशा दुकानवजा जागेत हरिनाम-संकीर्तन आरंभिले होते. वयाच्या 69 व्या वर्षी मालवाहू जहाजातून अमेरिकेस गेलेल्या त्या संन्याशाने पेरलेले बीज वीस वर्षांनी कोठे उगवले, ते पाहावे! गायक जॉन जोसेफ आणि बासवादक हार्ली फ्लॅनगन कृष्णभक्तीकडे वळले, आणि युगाचे निदान त्यांनी आपल्या ग्रंथांतून घेतले.

तरुणांनी हा अल्बम डोक्यावर घेतला. हार्डकोर संगीताच्या पायाभूत कृतींत त्याची आजही गणना होते. कोणताही धर्म न मानणे हाच पंकचा धर्म समजणाऱ्यांनी या भक्तीचा उपहासही केला. तरी प्रवाह थांबला नाही. रे कॅपो यांच्या 'शेल्टर' बँडने 1995 मध्ये अल्बमला नावच दिले 'मंत्र'.

येथे कोणी म्हणेल, की क्रो-मॅग्सचे सदस्य पुढे बँडच्या नावावरून वर्षानुवर्षे भांडले आणि 2019 मध्ये कोठे तडजोड झाली. मग त्या भक्तीचे मोल काय? आक्षेप खरा आहे. कलह त्यांच्याच घरात शिरला. पण यावरून एवढेच सिद्ध होते, की नाम ओठांवर येणे सोपे, आचरणात उतरणे कठीण. हा नियम न्यूयॉर्कला लागू आणि पुण्याला नाही, असे थोडेच आहे?

प्रश्न वाद्याचा नाहीच. तुकोबांची वाणी दांभिकांना गोड वाटली नव्हती. नाथांनी भारुडात गावरान सोंगे आणली. गाण्याची कसोटी एकच : ते ऐकून माणूस जागा होतो की झिंगतो? भागवताच्या बाराव्या स्कंधात कलियुगाची लक्षणे सांगताना म्हटले आहे, की धन हेच कुलाचे आणि सदाचाराचे माप ठरेल. दोषांनी भरलेल्या या युगाचा एकच गुण तेथे सांगितला आहे, तो म्हणजे कीर्तन. परक्या मुलांनी तो कर्कश सुरात का होईना, ओळखला. आमच्या हाती टाळ-मृदंगाचा वारसा असताना आम्ही वर्गणीच्या पैशातून भिंती भाड्याने आणतो!

मुलाच्या कानातील यंत्र हिसकावण्याआधी पालकांनी आपल्या मंडळाचा हिशेब तपासावा. कार्यकर्त्यांनी यंदा त्या भिंतींना नकार द्यावा. फुले मार्केट यार्डात विकत मिळतात. भक्ती कोणत्याच बाजारात मिळत नाही.