परदेस किती लांब असतो?

माझे भाईजान १९९४ साली दुबईला गेले, एसी दुरुस्तीच्या कामावर. त्यांच्या डोळ्यांदेखत २००९ साली तिथे मेट्रो धावली, २०१० साली ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा खुला झाला. तीस वर्षांत शहर ओळखू येणार नाही इतकं बदललं. भाईजान मात्र तिथे पाहुणेच राहिले. नोकरी आहे तोवर व्हिसा, व्हिसा आहे तोवर घर. २००२ पासून परदेशी माणसाला ठरावीक भागात मालकीचं घर घेता येतं, २०१९ पासून गोल्डन व्हिसाही आहे. पण ते पैसेवाल्यांसाठी आणि बड्या डिग्रीवाल्यांसाठी. एसी मेकॅनिकला साठी जवळ आली की परतीची बॅग भरावीच लागते.

आपल्या घरोघरी हे दुःख आहे. 'परदेस' म्हटलं की आजही अम्मीचे डोळे भरतात.

गेल्या हिवाळ्यात भाईजाननी वसईजवळ घर बांधायला काढलं. देखरेख माझ्याकडे होती. कामावरची तीन जोडपी जव्हार तालुक्यातल्या वावरची. १९९२-९३ मध्ये कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा वावर-वांगणी ही नावं महाराष्ट्राला कळली. पावसाळ्यातली भात-नागली संपली की आजही त्या भागातली माणसं वसई, विरार, भिवंडीची वाट धरतात. कुठे निघालात विचारलं तर म्हणतात, "जगायला." परततात ती होळीला.

आमच्या बांधकामाशेजारी ती प्लास्टिकच्या कागदाखाली राहत होती. त्यांचा सात वर्षांचा एक मुलगा दिवसभर वाळूच्या ढिगावर खेळायचा. मी शिक्षिका. वर्षाच्या मध्येही, दाखला नसला तरी मुलाला शाळेत घ्यावंच लागतं, हा शिक्षण हक्क कायदा मला पाठ आहे. तरी दोन महिने मी त्याला शाळेचं विचारलं नाही. ठेकेदाराने "होळीला एकदम देतो" म्हणत मजुरी अडकवली होती. त्याची आई माझ्याकडे आली तेव्हा मी म्हणाले, "ते तुम्ही ठेकेदाराशी बोला."

भाईजान सुट्टीवर आले तेव्हा मी हे सहज त्यांच्या कानावर घातलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पहिल्या कंपनीत माझा पासपोर्ट ठेवून घेतला होता, चार महिन्यांचा पगार अडकला होता. मी बंगल्यावर एसी बसवायला गेलो, तिथल्या मालकाला सांगितलं. त्यानेही मला हेच उत्तर दिलं होतं."

त्या संध्याकाळी त्यांनी ठेकेदाराला बोलावून सगळी मजुरी आपल्यासमोर हातात द्यायला लावली. मला मान वर करवेना.

दुबईचा कायदा निदान तोंडावर सांगतो की तुम्ही इथले नाही. वावरचा माणूस तर इथलाच. २०१४ पासून वावर आणि वसई एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. त्याच्याकडे मतदार कार्ड आहे, पण ते गावचं. १९७९ चा स्थलांतरित मजुरांचा कायदा झाला तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी, म्हणून तो त्याला कधी लागूच नव्हता. विरारचे टॉवर त्याने उभे केले, पण त्या शहरात त्याला पत्ता नाही. त्याचा परदेस शंभरेक किलोमीटरवर सुरू होतो आणि त्याला व्हिसाचाही आधार नाही.

आखाताच्या पैशातून घरं बांधणाऱ्या आपल्या लोकांना माझं एवढंच सांगणं आहे. गिलाव्याचा दर विचारता, तसं कामावरच्या माणसाचं नावही विचारा. मजुरी दर आठवड्याला त्याच्या हातात पडते का ते बघा. त्याचं मूल जवळच्या शाळेत नेऊन बसवा. कामगाराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती फक्त अरब मालकांसाठी आहे का?

तो मुलगा होळीपर्यंत जवळच्या मराठी शाळेत गेला. जेमतेम सहा आठवडे. मी दोन महिने आधी विचारलं असतं, तर जास्त झाले असते.