भाऊच्या आरशात आपण

चिखलीच्या कुठल्याही चौकात उभं राहा आणि मान वर करा. फ्लेक्सवर भाऊ. गॉगल लावून, मधोमध. बाबासाहेब कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे. खाली आपली चाळीस पोरं, नखाएवढी : 'शुभेच्छुक'. त्या चाळिसांत मीही होतो. म्हणून लिहितोय.

स्वतःच्याच प्रेमात पडलेला हा माणूस (मानसशास्त्रवाले त्याला नार्सिसिस्ट म्हणतात) आपल्या डोक्यावर चढून बसतो कसा? धाकानं? छट्! सुरुवात मायेनं होते. मी चाकणला कंत्राटी कामगार. सुपरवायझर हाक मारायचा ती गेटपासच्या नंबरानं. भाऊनं पहिल्याच भेटीत नावानं हाक मारली, खांद्यावर हात टाकला, "तू आपला वाघ" म्हणाला. बारा तास मशीनवर उभ्या राहिलेल्या पोराला आणखी काय पायजे? ज्याच्या बापाचं, आज्याचं नाव गावानं कधी धड घेतलं नाही, त्याची ही भूक भाऊला बरोबर कळते.

मग एक दिवस तो हात निघतो. फोन उचलत नाही, मीटिंगमध्ये बघत नाही. आपलं काय चुकलं म्हणून आपण रात्रभर तळमळायचं. आठ दिवसांनी पुन्हा "चहा घेतला का रे?" आणि आपण खल्लास. हा मटक्याचा नाद आहे. कधीच लागला नाही तर माणूस उठून जाईल. कधीमधी लागतो म्हणून बसून राहतो.

मी वर्गणीचा हिशेब मागितला. भाऊ म्हणाला, "असं ठरलंच नव्हतं. तुझं डोकं फिरलंय." बसलेल्या अकराही जणांनी माना डोलावल्या. घरी येईस्तोवर मलाच वाटायला लागलं, नसेल ठरलं! स्वतःच्या कानांवरचा भरवसा गेला की माणूस संपला. त्यातूनही कुणी बोललाच, तर 'गद्दार'. भाऊवर बोट म्हणजे निळ्या झेंड्यावर बोट!

आणि हे बाबासाहेबांच्या नावानं? 18 जानेवारी 1943ला पुण्यात, रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात, त्यांनी गांधी आणि जिना दोघांच्याही अफाट अहंकाराची सालटी काढली. 25 नोव्हेंबर 1949ला घटना समितीत बजावलं, की धर्मातली भक्ती मुक्तीकडं नेत असेल, राजकारणातली हुकूमशाहीकडं नेते. आपण काय केलं? 1957च्या रिपब्लिकन पक्षाचे तुकडे. 1972ची पँथर 1974लाच दुभंगली. भांडणं विचारांची होती, नाही म्हणत नाही. पण त्यात 'मी' किती होता, हे कोण मोजणार?

जयंतीच्या मीटिंगला मी वही घेऊन जाणार आहे. ठरेल ते तिथल्या तिथं लिहायचं, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. पहिली सही भाऊची. तुम्ही या. पेन आणा.