गुलखैऱ्याचे बी

फुललेली कुंडी विकत आणून अंगणात ठेवण्यास फारसे श्रम पडत नाहीत. परंतु गुलखैरा, ज्याला हॉलिहॉकही म्हणतात, तो बी पेरूनच वाढवावा. पाऊस सरताच भरपूर उन्हाच्या जागी त्याचे चपटे बी वरवर पेरावे. त्याचे सोटमूळ खोल जाते व जागा बदललेली त्यास सोसत नाही. म्हणून रोप उपटून दुसरीकडे लावण्यापेक्षा ते असेल तेथेच वाढू द्यावे.

पुढे कित्येक आठवडे जमिनीलगत नुसती पानेच दिसतात. उतावळ्या मुलांचा धीर सुटतो तो येथेच! वसंताच्या सुमारास मात्र पुरुषभर उंचीचा दांडा निघतो आणि कळ्या खालून वर क्रमाने उमलू लागतात. फूल जास्वंदीसारखे दिसते, यात नवल नाही. जास्वंद, कापूस आणि स्वयंपाकघरातील भेंडी ही सारी त्याच कुळातील.

फुले विकतच्या कुंडीतही मिळतात. वाळलेल्या फळात चाकाप्रमाणे रचलेले बी मात्र ती कुंडी टाकून देणाऱ्याच्या हाती लागत नाही. मधमाश्या पराग इकडून तिकडे नेतात. त्यामुळे लाल फुलाच्या बियांतून पुढील वर्षी गुलाबी फूलही येते. कोणता रंग येणार, हे कळी उमलेपर्यंत जाणत्या माळ्यासही सांगता येत नाही.