परग्रहावरचे गोडबोले

घाटकोपरच्या मॉलमध्ये चौघांची तिकिटं आणि पॉपकॉर्न यांवर खिसा रिकामा करून बसल्यावर एखादा तरी परग्रहवासी लक्षात राहावा, एवढीच अपेक्षा होती. पिक्सारच्या ‘एलियो’ची (जून २०२५) सुरुवात सुरेख आहे: आईबाप गमावलेला, आत्याकडे वाढणारा मुलगा ‘मला पळवून न्या’ असा निरोप वाळूवर लिहितो. पण वर पोचल्यावर भेटतात ते सगळे इतके सज्जन, की आमच्या सोसायटीच्या सभेत एक दिवस टिकणार नाहीत! अळीसारखा ग्लॉर्डन तेवढा गोड. त्याचा युद्धखोर बाप मात्र वेळेवर विरघळतो. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत कमाई जेमतेम दोन कोटी डॉलर, पिक्सारची तोवरची सर्वांत दुबळी सुरुवात. ‘कोई... मिल गया’तल्या परग्रहवासी जादूला निदान ऊन तरी लागायचं. घरीच बघा, तेही पहिली वीस मिनिटं.