धुतल्या ब्रशासारखा

स्वच्छ चारित्र्याच्या माणसाला आपण 'धुतल्या तांदळासारखा' म्हणतो. 'धुतल्या ब्रशासारखा' असं कोणाला म्हटलेलं मी आजवर ऐकलं नाही. कारण उघड आहे. तांदूळ आपण रोज धुतो. ब्रश कोणी धुतच नाही!

ब्रश म्हणजे दात घासायचा नव्हे. तो बिचारा रोज धुतला जातो. मी म्हणतो तो गालांना पावडर आणि पापण्यांना रंग लावायचा. हल्ली आमच्यासारख्यांच्या घरातसुद्धा आरशासमोर असे सात-आठ ब्रश पेल्यात उभे असतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, घरात कोणी चित्रकार आहे. हे ब्रश धुणं म्हणजे नखरा, असं मानणारा एक मोठा पक्ष आपल्या समाजात आहे, आणि माझं भांडण आहे ते त्या पक्षाशी. परवापरवापर्यंत मीही त्याचा आजीव सभासद होतो, त्यामुळे त्यांची बाजू मला पाठ आहे.

एका रविवारी आमची कन्या बेसिनपाशी ब्रश धुवायला उभी राहिली. मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, "रंगच फासायचा, तर ब्रश धुऊन कशाला? उद्या पुन्हा मळणारच!" घरातल्या कर्त्या पुरुषाच्या विनोदाला जेवढं हसायची पद्धत आहे, तेवढं सगळे हसले. कन्या हिरमुसली. ब्रश तसेच पेल्यात गेले आणि पुढे तीन महिने कोणी त्यांचं नाव काढलं नाही.

मग पुतणीचं लग्न आलं. कार्यालयात वधूपक्षाच्या खोलीत कन्येची ब्रशांची पिशवी उघडली गेली आणि हळदीकुंकवाच्या करंड्यासारखी सगळीकडे फिरली. दोन आत्या, एक मावशी, तीन मामेबहिणी आणि वरपक्षाकडची एक अनोळखी बाई, इतक्या पापण्यांवरून फिरून तो एकच ब्रश शेवटी मालकिणीकडे परत आला. चौथ्या दिवशी तिचा उजवा डोळा सुजून बंद झाला. रांजणवाडी! आणि पाचव्या दिवशी नोकरीची मुलाखत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "ब्रश शेवटचा कधी धुतला होता?" कन्येने माझ्याकडे पाहिलं. एका डोळ्याने पाहिलं, पण तेवढं पुरलं. डॉक्टर म्हणाले, "त्याच्यामुळेच झालं, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण मळका ब्रश वापरायचा नाही, आणि आपला दुसऱ्याला द्यायचा नाही." गरम पाण्याच्या घडीचा शेक सांगितला, औषध दिलं आणि जुना मस्कारा केरात टाकायला लावला. ती नोकरी काही तिला मिळाली नाही. डोळ्यामुळेच गेली असं मी म्हणत नाही; पण त्या रात्री ती भिंतीकडे तोंड करून झोपली, तेव्हा माझ्या त्या विनोदात हसण्यासारखं काय होतं, हे मला काही केल्या आठवेना.

तर आता विरुद्ध पक्षाचे मुद्दे एकेक घेऊ.

मुद्दा पहिला : आमच्या आईने कुठे ब्रश धुतले होते? अहो, तिच्याकडे ब्रश होता कुठे? कपाळावर मेण लावायचं, त्यावर कुंकू टेकवायचं, आणि हे सगळं बोटाने. ते बोट भांडी, कपडे, कणीक या निमित्ताने दिवसातून वीस वेळा पाण्यात जायचं. आईचा ब्रश आपण पाहिला नाही, कारण तो तिच्या हातालाच होता आणि सदैव धुतलेला होता.

मुद्दा दुसरा : आपलाच चेहरा, आपलाच ब्रश, आपलेच जंतू, बिघडतं कुठे? मी कॉमर्सचा पदवीधर आहे, त्यामुळे हे मला चटकन कळतं. खात्यात पैसे आपलेच असतात. पण पडून राहिले की वाढतात की नाही? ब्रशात त्वचेचं तेल असतं, मेलेल्या त्वचेचा भुगा असतो, वर थोडा ओलावा. एवढ्या भांडवलावर जंतू जे व्याज लावतात ते चक्रवाढ असतं. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठाने 2019 साली वापरातली प्रसाधनं गोळा करून तपासली. रंग पसरवायचे जे मऊ स्पंज असतात, त्यांतले 93 टक्के कधीच धुतलेले नव्हते, आणि 64 टक्के केव्हा ना केव्हा जमिनीवर पडलेले होते. साहेबाच्या देशातली ही गत! आपल्याकडे तर जमिनीवर पडलेली वस्तू फुंकर मारली की पवित्र होते.

मुद्दा तिसरा : ब्रशाने कधी कोणाचं वाईट झालंय का? झालंय, आणि तेही पुरुषांचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रज आणि अमेरिकन सैनिकांना अँथ्रॅक्स, म्हणजे आपल्याकडे गुराढोरांना होतो तो फाशी रोग, दाढीच्या ब्रशातून झाला. घोड्याचे केस नीट निर्जंतुक न करता ब्रशांना लावले होते. पुढे 1920 साली ब्रिटनने जपानी दाढीच्या ब्रशांच्या आयातीवरच बंदी घातली. आता बोला! त्या सैनिकांना कोणी नखरेल म्हणेल का?

मुद्दा चौथा : धुतला की ब्रश खराब होतो. होतो, पण चुकीचा धुतला तर. ब्रशाला मान असते. केस आणि दांडा यांना जोडणारी पत्र्याची नळी. तिच्यात पाणी शिरलं की आतला डिंक सुटतो आणि केस गळू लागतात. म्हणून ब्रश कपड्यांसारखा भिजत घालायचा नाही. टोक खाली धरून नुसते केस कोमट पाण्याने ओले करायचे, तळहातावर थोडा सौम्य शाम्पू घेऊन हलक्या हाताने गोल फिरवायचे, आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे. मग फडक्याने टिपून, बोटांनी आकार देऊन, टेबलाच्या कडेला आडवा ठेवायचा. केस कडेबाहेर, म्हणजे चहूकडून वारा लागतो. पेल्यात उभा ठेवला की पाणी उतरतं थेट मानेत. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा. ओला ब्रश पिशवीत कोंबाल तर बुरशीची शेती होईल. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संस्था सांगते, 7 ते 10 दिवसांतून एकदा धुवा. म्हणजे दर रविवारी पंधरा मिनिटं. एवढ्या वेळात मी पेपरातलं राशिभविष्य वाचतो, आणि ते खरंही होत नाही.

आता बाजाराशी दोन शब्द. ब्रश धुण्याचं खास द्रावण मिळतं, खाचांची रबरी चटई मिळते, ब्रश गरगर फिरवणारं विजेचं यंत्रही मिळतं. हौस असेल त्यांनी घ्यावं. पण आपली गोम अशी, की खरेदी दिसते आणि देखभाल दिसत नाही. म्हणून आपण हजाराचा ब्रश मिरवतो आणि दोन रुपयांच्या शाम्पूच्या पुडीला महाग होतो. घसारा धरायचा आम्हाला हिशेबात शिकवतात. घरात मात्र कोणीच धरत नाही.

हे सगळं मी सौभाग्यवतीला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, मोरीच्या खिडकीतला तुमचा दाढीचा ब्रश एकदा बघून या." मी गेलो. पाहिला. त्यावर गेल्या दिवाळीचा फेस होता.

तेव्हापासून रविवारचं हे खातं माझ्याकडे आहे. सात ब्रश कन्येचे, एक माझा. टेबलाच्या कडेला आठही ओळीने वाळत पडतात, आणि लग्नकार्याला जाताना पापणीचा ब्रश घरीच राहतो. मागच्या सोमवारी तर मी कचेरीतही सुधारणा केली. नोटा मोजताना बोट ओलं करायला आमच्या काउंटरवर एक स्पंज असतो. हजारो माणसांच्या हातांतून आलेल्या नोटा आणि तो स्पंज, यांची ओळख आमच्या बोटानेच होते. मी तो साबणाने धुतला, वाटीतलं पाणी बदललं आणि जागेवर येऊन बसलो. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "काय हो, हे नखरे केव्हापासून?"