संस्कारांची नोंद

चांद्रयान-1 शी असलेला संपर्क 29 ऑगस्ट 2009 रोजी तुटला आणि ते यान कायमचे मूक झाले; परंतु त्यावरील मून मिनरॉलॉजी मॅपर या वर्णपटमापकाने, ज्याला आपण सारे एम-थ्री म्हणूनच ओळखतो, तोवर पाठवलेली निरीक्षणे दप्तरात सुरक्षित राहिली, आणि 2018 साली शुआई ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच निरीक्षणांच्या आधारे चंद्राच्या ध्रुवप्रदेशांतील सदैव छायेत असणाऱ्या भागांत पृष्ठभागावर उघड्या असलेल्या जलबर्फाचा पुरावा मांडला. शुक्राच्या बाबतीत निरीक्षण आणि शोध यांमधला काळ याहूनही दीर्घ आहे. मॅजेलन यानाने 1991 च्या फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरात माआट मॉन्सच्या परिसराची रडार-चित्रे घेतली, आणि त्या दोन चित्रांतल्या एका ज्वालामुखी-विवराचा आकार या आठ महिन्यांत पालटला होता हे रॉबर्ट हेरिक व स्कॉट हेन्सली यांनी 2023 साली, म्हणजे तीन दशकांनंतर, दाखवून दिले. या दोन्ही शोधांसाठी नवे यान उडाले नव्हते. जुनी निरीक्षणे पुन्हा उघडली गेली, नव्या नजरेने वाचली गेली, आणि ती वाचण्याजोगी राहिली होती म्हणूनच हे घडले.

ही वाचनक्षमता आपोआप टिकत नाही, याची जाणीव आपल्या क्षेत्राला उशिरा झाली. अमेरिकेतील नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने 1982 साली अवकाश-विदेच्या जतनाविषयी अहवाल दिला, त्याच दशकाच्या अखेरीस नासाची प्लॅनेटरी डेटा सिस्टिम उभी राहिली, आणि पुढे युरोपीय अवकाश संस्थेने व आपल्या इस्रोनेही त्याच धर्तीची दप्तरे उभारली. बंगळूरजवळच्या ब्यालालू येथील केंद्राकडून 2020 च्या डिसेंबरपासून चांद्रयान-2 ची जी विदा अभ्यासकांना खुली झाली, तीही प्लॅनेटरी डेटा सिस्टिमच्याच चौथ्या आवृत्तीच्या मानकानुसार सिद्ध केलेली आहे. हे सारे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. आम्हाला जे सांगायचे आहे ते दप्तराविषयी नसून, दप्तरातून विदा बाहेर काढून तिच्यावर संस्कार करणाऱ्या साधनांविषयी आणि त्या संस्कारांच्या नोंदीविषयी आहे.

दप्तरातील प्रत्येक विदा-संचासोबत एक लेबल असते आणि फाइलीतले बाइट कसे वाचावेत याचा सारा तपशील त्या लेबलात असतो. तिसऱ्या आवृत्तीच्या लेबलात नोंदीची लांबी 1024 बाइट दिलेली असेल आणि प्रतिमेचा आरंभ दाखवणाऱ्या दर्शकापुढे 5 हा आकडा असेल, तर प्रतिमा पाचव्या नोंदीपासून, म्हणजे पहिले 4096 बाइट ओलांडल्यावर, सुरू होते. हाच दर्शक बाइटांत दिला असेल तर तिथे 4097 लिहिलेले असते, कारण त्या आवृत्तीत मोजणी एकापासून होते. आणि चौथ्या आवृत्तीच्या एक्सएमएल लेबलात नेमक्या त्याच जागेसाठी 4096 लिहितात, कारण तिथे आरंभापासूनचे अंतर शून्यापासून मोजलेले असते. एका बाइटाची ही चूक झाली की सोळा बिटांची प्रत्येक संख्या एका शेजाऱ्याच्या अर्ध्या आणि दुसऱ्याच्या अर्ध्या अंगापासून बनते. बाइटांचा क्रम उलटा वाचला तर 300 या आकड्याचे 11265 होतात. व्हॉयेजर-व्हायकिंगच्या काळातल्या काही संचांत व्हॅक्स संगणकाच्या पद्धतीने लिहिलेल्या दशांश संख्या आहेत. त्या आजच्या पद्धतीने वाचल्यास अर्थशून्य आकडे हाती येतात. अशा चुका निदान पडद्यावर ओरडून सांगतात, चित्राच्या जागी धूळ दिसते, आणि अभ्यासक थांबतो.

खरी काळजी न ओरडणाऱ्या चुकांची आहे. अनेक संचांत जिथे मोजमाप नाही तिथे -999 सारखी खूण भरलेली असते, आणि ती खूण आहे, मोजमाप नव्हे, हे फक्त लेबल सांगते. दहा बिंदूंपैकी नऊ ठिकाणी 40 हे दीप्तिमूल्य आणि एका ठिकाणी ही खूण असेल, आणि वाचक-साधनाने ती वगळली नसेल, तर सरासरी -63.9 येते व चूक तत्काळ पकडली जाते. पण हजार बिंदूंत एकाच ठिकाणी ती खूण असेल तर सरासरी 38.961 येते, आणि या आकड्याकडे पाहून कोणाच्याही मनात शंका उत्पन्न होण्याचे कारण नाही. सुमारे 2.6 टक्क्यांची ही घट पुढे शोषणपट्ट्याच्या खोलीत शिरते, खोलीवरून खनिजाच्या प्रमाणात शिरते, आणि शेवटी एखाद्या निबंधाच्या निष्कर्षात विनातक्रार रुजू होते. फ्लॅगस्टाफ येथील भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या आयसिस या आज्ञावली-संचात अशा बिंदूंसाठी वेगवेगळ्या खास खुणा राखून ठेवलेल्या आहेत: रिक्त बिंदू निराळा, संवेदकाच्या मर्यादेपलीकडे गेलेला निराळा. परंतु घाईने आयसिसच्या ‘घन’ स्वरूपातल्या त्याच फाइलीची साधी आठ बिटांची पीएनजी प्रतिमा काढली, की हे सारे भेद पुसले जातात, सोळा बिटांच्या 65536 पायऱ्या 256 वर येतात, आणि त्या प्रतिमेवरून पुन्हा मोजमाप करणाऱ्याला काय हरवले याचा पत्ताही लागत नाही. पाहण्यासाठी काढलेली प्रतिमा मोजण्यासाठी वापरू नये, हे इथे आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण आमच्याकडे येणाऱ्या मसुद्यांत हा प्रमाद अजून आढळतो.

स्थाननिश्चितीचा प्रश्न याहून नाजूक आहे. यान कुठे होते, कोणत्या दिशेला रोखलेले होते, त्याचे घड्याळ काय दाखवत होते, ग्रहाची त्रिज्या व परिवलन काय धरावे, हा तपशील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील नैफ गटाच्या स्पाइस या व्यवस्थेत निरनिराळ्या कर्नल-फाइलींत साठवलेला असतो, आणि आयसिसमध्ये स्पाइसइनिट चालवताना आपण त्यांतल्या काही फाइलींवर विश्वास ठेवतो. निरीक्षणापूर्वी वर्तवलेली दिशा आणि नंतर पुनर्रचित केलेली दिशा यांत फरक असतो. तरीही कोणती फाइल घेतली हे निबंधात लिहिण्याची प्रथा आपल्यात फारशी रुजलेली नाही. एम-थ्रीचेच उदाहरण घ्या. चांद्रयान-1 चे तारा-संवेदक मोहीम चालू असतानाच निकामी झाले, 2009 च्या मे महिन्यात यानाची कक्षा 100 किलोमीटरवरून 200 किलोमीटरवर नेण्यात आली, आणि उपकरण नेमके कुठे पाहत होते हे त्या काळापुरते अनिश्चित झाले. एम-थ्रीच्या गटाने लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरच्या लेसर उंचीमापकाने मिळवलेल्या चंद्राच्या भूरूपाचा आधार घेऊन प्रत्येक बिंदूचे रेखांश, अक्षांश व त्रिज्या नव्याने ठरवली आणि ती चौसष्ट बिटांच्या संख्यांत निराळ्या स्थान-फाइलीत दिली. इतक्या चिकाटीने केलेले हे काम दीप्तीच्या फाइलीशेजारीच ठेवलेले असताना, ते न उघडता दुसऱ्या एखाद्या कॅमेऱ्याच्या चित्रावर एम-थ्रीचा पट्टा नजरेने सरकवून बसवणे, आणि मग विवराच्या काठावर अमुक खनिज आहे असे विधान करणे, हे आम्हाला अत्यंत अनुचित वाटते.

हाच विवेक नकाशा-प्रक्षेपणाच्या वेळीही हवा. प्रक्षेपण करताना शेजारच्या बिंदूंची सरासरी घेऊन नवा बिंदू रचला, तर चित्र डोळ्यांना सुबक दिसते. पण दोन भिन्न खडकांच्या सीमेवर असा वर्णपट जन्मतो जो चंद्रावर कुठेही नाही. वर्णपटाचे विश्लेषण आधी व प्रक्षेपण नंतर, किंवा निदान सर्वांत जवळच्या बिंदूचे मूल्य जसेच्या तसे घेणे, हा क्रम आम्हाला अधिक सुरक्षित वाटतो.

साधने आज विपुल आहेत. 1966 पासून चालत आलेला व्हिकार आता मुक्त स्वरूपात मिळतो. जीडाल अनेक ग्रहीय फाइली थेट उघडते. पायथनमधील पीडीआर आणि पीडीएस-फोर-टूल्स यांनी नवख्या विद्यार्थ्याचेही काम सोपे केले आहे. परंतु सोपेपणाबरोबर साधनाच्या आत काय चालते याविषयीचे कुतूहल कमी होते, आणि दोन साधनांनी एकच फाइल उघडून आकडे जुळतात की नाहीत याची खातरजमा करणारे थोडेच उरतात. त्याहून खेदाची गोष्ट अशी, की ही साधने लिहिणाऱ्या आणि वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या मंडळींचे श्रम कारकुनी समजले जातात. अशा श्रमांचे मोल एका जुन्या उदाहरणातून दिसते: लूनर ऑर्बिटर यानांच्या 1966-67 मधील मूळ चुंबकीय फिती सुरक्षित होत्या, पण त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची यंत्रे जवळजवळ नामशेष झाली होती. नॅन्सी इव्हान्स या अभिलेखपाल विदुषींनी ती अवजड यंत्रे कित्येक वर्षे स्वतःकडे सांभाळून ठेवली, म्हणूनच 2008 साली कॅलिफोर्नियातील एम्स केंद्राच्या आवारात चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वीचे ते प्रसिद्ध चित्र मूळच्या सूक्ष्मतेने पुन्हा मिळवता आले. आज त्या यंत्रांची जागा संगणक-प्रणालींनी घेतली आहे, आणि त्यांचीही अशीच राखण करणारे कोणीतरी असावे लागते.

या सर्वांचा विचार करून या मासिकाने अशी तजवीज केली आहे, की यापुढे दप्तरातील विदेवर आधारलेल्या प्रत्येक लेखासोबत संस्कारांची नोंद स्वतंत्र परिशिष्टात द्यावी लागेल: मूळ संचाचा ओळखक्रमांक व आवृत्ती, वापरलेल्या साधनाचे नाव व आवृत्ती, कर्नल-फाइलींची नावे, अनुपस्थित मूल्यांचे काय केले याची कैफियत, आणि पायऱ्यांचा क्रम. ज्यांनी स्वतः एखादी आज्ञावली लिहिली असेल त्यांनी ती परीक्षकांना उपलब्ध करून द्यावी, आणि ज्यांनी दुसऱ्याची वापरली असेल त्यांनी तिच्या कर्त्यांचा संदर्भसूचीत निबंधकाराइतक्याच आदराने उल्लेख करावा. परिशिष्टाला पृष्ठमर्यादा लागू होणार नाही. ज्या लेखात ते नसेल तो परीक्षकांकडे न पाठवता लेखकांकडे परत जाईल.